बाई, तुम्ही इशूला पास केलंत तेव्हा

बाई,

तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला, आणि मला तुमचा राग आला.

दहाव्याला पुणतांब्याच्या घाटावर सगळी वस्ती आली होती. पिंड ठेवला, माणसं मागं सरली, "बाईंची काय इच्छा राहिली असंल" असं कुणीतरी म्हणतंय न म्हणतंय तोच तो कावळा आला, चोच मारली आणि गेला. बाई तृप्त होऊन गेल्या, असं सगळे म्हणाले. तुमच्या पुतण्यानं डोळे पुसले. मी मात्र पायरीवर उभी राहून चरफडत होते, कारण मी तयारीनं आले होते. मला खात्री होती की कावळा ताटकळत ठेवणार, घरच्यांची सगळी वचनं देऊन होणार, आणि मग शेवटी मी पुढं होऊन हळूच म्हणणार, "जाऊ द्या बाई, आपल्या भांडणात तुमचंच खरं." तेवढं ऐकल्याशिवाय तुमचा पाय निघणार नाही, अशी माझी समजूत होती. तुम्ही वाटसुद्धा बघितली नाहीत.

आता ते वाक्य माझ्याकडंच राहिलंय आणि ते खरं होतं की नाही, हेही मला ठाऊक नाही. म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगणार आहे. तुम्ही तरी कुठं एकदा सांगून थांबायचात.

मी लग्न होऊन वस्तीवर आले ती थेट आमच्या पिठाच्या गिरणीत उभी राहिले. पट्ट्याच्या आवाजावर आवाज काढून बोलायचं, त्यामुळं गळा चढा झाला, तो घरात गेलं तरी उतरत नाही. पहिल्याच पालकसभेत तुम्ही मला म्हणालात, "सविता, मी बहिरी नाही गं." सगळ्या बाया हसल्या. मला राग आला होता, पण त्या दिवसापासून तुम्ही मला 'अगं सविता' म्हणायला लागलात, आणि मॅडम म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही म्हणून मीही तुम्हाला बाईच म्हणत आले.

माझ्या इशूला बोलायला उशीर झाला तेव्हा लोकांनी पहिला दोष गिरणीला दिला. एवढ्या खडखडाटात पोरीच्या कानावर शब्द तरी पडतो का, म्हणायचे. कान तपासून आणले, कान चांगले निघाले. मग सासूबाईंनी जिभेला वेखंड लावून पाहिलं. पोपटानं उष्टावलेला पेरू कुठून कुठून शोधून आणला. पेरू इशूनं चवीनं खाल्ला, बोलली मात्र नाही. ती बसली उशिरा, चालली उशिरा. पाच वर्षांची झाली तरी बटण लावता येईना, पायरी उतरताना माझा पदर मुठीत लागायचा, आणि तोंडात शब्द होते ते आई, पप्पा, पाणी आणि आणखी थोडेसे.

एक गोष्ट तिला येत होती, पण ते कुणी येण्यात धरतच नव्हतं. गिरणीत दळणाचे डबे रांगेत लागतात. पत्र्याचे, ॲल्युमिनियमचे, तेलाचे रिकामे, बघावं तर सगळे सारखेच. माझ्याकडून कधीतरी अदलाबदल व्हायची आणि बाया माझा उद्धार करायच्या. इशूकडून कधी झाली नाही. माणूस दारात दिसला की ती जाऊन बरोबर त्याच्याच डब्यावर हात ठेवायची. मी सासूबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "त्यात काय शाळा हाय व्हय?"

पहिलीला तिला तुमच्या हाती दिली. तुम्ही जीव लावलात, ते मी कधीच नाकारलं नाही. वेणी सुटली तर घालायचात, डब्यातली चपाती चुरून द्यायचात, ओट्यावर स्वतःच्या खुर्चीजवळ बसवून घ्यायचात. पण मी विचारलं, "बाई, हिला कुठं दाखवायला पाहिजे का?" की तुमचं ठरलेलं. "अगं, होईल. पोरं आपापल्या वेळेनं बोलतात." दिवाळी गेली, संक्रांत गेली. तुमचं 'होईल' काही संपेना आणि इशूचं काही होईना.

मला जागं केलं ते इशूच्या मामीनं. ती भिंगारला राहते, तिच्या शेजारच्या मुलाचं असंच होतं. तिनं फोनवर मला चांगलं झापलं. "ताई, तुमी वाट कुणाची बघताय? तपासणी आईबापानं मागायची असती. आपला हक्क हाय तो. शाळेला लेखी द्या. तपासताना पोरीजवळ बसायचं, घरी ती काय काय करती ते सांगायचं, ते त्यांना लिवून घ्यायला लावायचं. आन कागद झाला की त्याची प्रत आपल्या हातात घ्यायची, सोडायची न्हाई."

खरं सांगते बाई, मला हे नवीन होतं. शाळेचा आपल्यावर हक्क असतो एवढंच मला माहीत होतं. गणवेश आणा, आधार आणा, सभेला या. आपला शाळेवर काही हक्क असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हीही नाही.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आले. तुम्ही चष्मा लावून वाचलात, काढून ठेवलात.

"सविता, हे मागं घे."

"का?"

"अगं, शिक्का बसला की निघत नाही. कागदावरचा एक वेळ खोडता येतो, लोकांच्या तोंडातला नाही."

"आन नाही बसला तर पोरगी हाय तशीच ऱ्हाती, त्याचं काय?"

"हाय तशी म्हणजे कशी? काय वाईट आहे ती?"

"वाईट कोण म्हणतंय, बाई? तिला जमत नाही एवढंच म्हणतीय."

"जमेल."

"कवा?"

त्या 'कवा'वर तुम्ही घंटा वाजवायला सांगितलीत. मधल्या सुट्टीला अजून बराच वेळ होता. पोरं आनंदानं बाहेर पळाली आणि आपण दोघी टेबलाच्या दोन बाजूंना तोंड फुगवून बसून राहिलो. पण अर्ज तुम्ही दाबून ठेवला नाहीत. तालुक्याला पाठवलात, हे मी त्या भांडणातही लक्षात ठेवलं.

राहात्याला तपासणीचं शिबिर लागलं, इशूचं नाव त्यात आलं. आणि तिथं तुमच्यातली जिल्हा परिषदेची बाई जागी झाली. साहेब येणार म्हटलं की शाळा कशी उभी करायची, हे तुमच्या अंगात भिनलेलं. फळ्याला काळा रंग, कुंड्यांना गेरू, पुढच्या रांगेत ठरलेली पोरं आणि त्यांच्या तोंडी ठरलेली उत्तरं. तुम्हाला शिबिर म्हणजे साहेबाची भेटच वाटली. तिथं काय काय दाखवून विचारतात, हे तुम्हाला इतक्या वर्षांत माहीत झालेलं. शाळा सुटल्यावर तुम्ही इशूला ओट्यावर घेऊन बसायला लागलात. मला वाटलं, बाई जादा तास घेतायत. मी कौतुकानं चहा पाठवत होते.

शिबिरात ही गर्दी. आईबापांना दाराबाहेर थांबवलं. मामीनं सांगितलेलं आठवत होतं, पण तिथं तोंड उघडायची हिंमत झाली नाही, माझ्यासारखीची. दारातून दिसत होतं तेवढं बघत होते. इशू नव्या फ्रॉकमध्ये खुर्चीवर ताठ बसलेली. तपासणारे सर सकाळपासून दमलेले. त्यांनी एक चित्र धरलं. इशू म्हणाली, "लाल." दुसरं धरलं. "हत्ती." तिसरं धरलं. "तीन." नाक दाखव म्हटलं, दाखवलं. सर म्हणाले, "थोडी मागं आहे, पण ठीक आहे. पुढच्या वर्षी बघू."

बाई, माझ्या डोळ्यांना धार लागली. माझी पोरगी लोकांत बोलली होती. तुम्ही दारातच मला मिठी मारलीत, "पास झाली गं पोरगी." येताना इशूच्या पप्पांनी जिलेबी घेतली, वस्तीवर वाटली. सासूबाईंनी सगळं श्रेय पेरूला दिलं.

नंतर एका सकाळी गिरणीत एका बाईच्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. मी लाडानं विचारलं, "इशू, हा कोणता रंग गं?" "लाल." मला हसू आलं. डब्यातल्या पिठाकडं बोट केलं, "आन हे?" "हत्ती." माझं हसू तिथंच थांबलं. मी काही न विचारता नुसतं बोट पुढं केलं, कशाकडंच नाही. "तीन," ती म्हणाली, आणि शाबासकीसाठी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. बोट पुढं आलं की एका पाळीनं तेच शब्द म्हणायचे, एवढंच तिला कळलं होतं, आणि ते ती मन लावून म्हणत होती.

मी तशीच पिठाच्या हातांनी शाळेत आले. वर्ग चालू होता, त्याचीही लाज बाळगली नाही. "तुमी पोरीला पास केलं बाई," मी म्हटलं, "आन तिची मदत घालवली." पोरं टकामका बघत होती. तुम्ही खडू हातात धरून उभ्या होतात आणि एक शब्द बोलला नाहीत. तुम्हाला गप्प बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. भांडायला आलेल्या माणसाला समोरून भांडणच मिळालं नाही की फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गिरणीत आलात. हातात गव्हाचा डबा. रांग मोठी होती, गिरणी जोरात चालली होती. तुम्ही काहीतरी बोललात, मला ऐकू आलं नाही. पुन्हा बोललात. मग माझ्या लक्षात आलं की हे ओरडून सांगायचं बोलणं नाही. मी खटका दाबला. रांगेत माणसं असताना चालती गिरणी मी कधी बंद केली नव्हती, दळण अर्धं राहिलं. बाहेरून एक आजोबा म्हणाले, "लाईट गेली का सविताबाई?" मी म्हटलं, "न्हाई, बाई बोलत्यात."

तुम्ही पोत्यावर बसलात आणि दत्तूचं सांगितलंत. तुमचा धाकटा भाऊ. बोलताना अडखळायचा. तुमच्या गावच्या मास्तरांनी भर वर्गात सांगितलं, याच्या डोक्यात काही नाही, याला म्हशीमागं घाला. वडिलांनी घातलं. "येडा दत्तू," तुम्ही म्हणालात. "जन्मभर तेच नाव. अख्ख्या गावाच्या म्हशी तो ओळखायचा सविता, कुठली कुणाची. मरेपर्यंत कुणी त्याला नुसतं दत्तू म्हटलं नाही." तुम्ही पदरानं तोंड पुसलंत, त्याला पीठ लागलं. "मी नोकरीला लागले तेव्हा ठरवलं होतं, माझ्या शाळेतनं एकही पोर असं नाव घेऊन बाहेर पडायचं नाही."

मी मनात आलं ते विचारलं. "बाई, दत्तूला तपासलं हुतं कुणी?"

तुम्ही बघतच राहिलात माझ्याकडं.

"नाही," तुम्ही म्हणालात. "मास्तरांनी नुसतं म्हटलं. तपासलं कुणीच नाही."

तुम्ही उठलात, गव्हाचा डबा रांगेत शेवटी नेऊन ठेवलात आणि दारातून म्हणालात, "तपासणी परत माग. पालकाला परत मागता येतं. मी खाली लिहून देते की मुलीकडून उत्तरं मी पाठ करून घेतली होती."

आणि दिलंत. तालुक्यात त्याची चेष्टा झाली, हे मला नंतर कळलं. निवृत्तीच्या तोंडाशी आलेली मुख्याध्यापिका स्वतःच्या सहीनं लिहून देते की मी पोरीला घोकवून आणलं होतं. एका साहेबांनी तुम्हाला विचारलं म्हणे, "बाई, ह्याची काय गरज होती?" तुम्ही काय उत्तर दिलंत ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. माझंही विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्यांदा तपासायला तालुक्याच्या विशेष शिक्षिका आपल्या शाळेतच आल्या. तरुण होत्या, आम्ही त्यांना ताई म्हणायला लागलो. मी या वेळी बाहेर थांबले नाही. "मी बसणार," म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "बसाच. तुमच्याशिवाय मला अर्धंच कळेल." एवढं सोपं होतं ते. तुम्ही इशूला सतरंजीवर बसवलंत, तिच्या गालाला हात लावलात आणि म्हणालात, "आज चुकलं तरी चालतंय हं बाळा." बाई, हे वाक्य तुमच्या तोंडून वस्तीवर कुणी ऐकलेलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला मी घरी जाऊन सांगितलं तर तो म्हणाला, "कोणत्या बाई?"

पण सवय ती सवय. ताईंनी चित्र धरलं की तुमचेच ओठ हलायचे. ताईंनी दोनतीनदा पाहिलं, मग हसून म्हणाल्या, "बाई, तुम्ही जरा खिडकीकडं तोंड करता का?" तुम्ही केलंत. स्वतःच्या शाळेत, शिक्षा झालेल्या पोरासारख्या, खिडकीकडं तोंड करून बसलात. इशू एकेक चुकत गेली. प्रत्येक चुकीला तुमचे खांदे आक्रसत होते, ते मला पाठीमागून दिसत होतं. चित्रांतलं तिला जवळजवळ काहीच आलं नाही. मला वाटलं, आता संपलं.

मग ताईंनी वही बाजूला ठेवून मला विचारलं, "घरी काय करते ही? काहीही सांगा." मी भीतभीत डब्यांचं सांगितलं. सांगताना वाटत होतं की ह्या पण म्हणतील, त्यात काय शाळा आहे. त्यांनी लिहून घेतलं. मग वर्गातल्या पोरांचे जेवणाचे डबे मागवले, ओळीनं मांडले, आणि पोरांना एकेक आत बोलावलं. इशूनं एकेकाच्या डब्यावर हात ठेवला. एकही चुकला नाही. तुम्ही तोपर्यंत खिडकीकडून वळून बसला होतात आणि कुणी तुम्हाला काही म्हटलं नाही.

"हिला ओळखता येतं, लक्षात राहतं," ताई म्हणाल्या. "शब्द मागं आहेत, बोटं मागं आहेत. आपण डब्यांपासून सुरू करू." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि हळूच म्हणालात, "म्हशी." मला कळलं तुम्हाला काय म्हणायचंय.

कागद तयार झाला. त्यात माझं बोलणं होतं, माझ्या नावानं. आणि त्याच कागदावरून आपण पुन्हा भांडलो. मी प्रत मागितली, तर तुम्ही म्हणालात, "तुला कशाला? दप्तरी आहे ना." "दप्तरी तुमचं ऱ्हाऊ द्या, बाई. पोरगी माझी हाय." "हरवशील. गिरणीत पीठ लागेल." "लागू द्या. पिठावरच जगतीय ती." तुम्ही पुटपुटत प्रत दिलीत, वरून प्लास्टिकची पिशवी पण दिलीत. ती पिशवी अजून आहे.

त्यानंतरचं श्रेय मात्र तुमचंच आहे, ते मी कुणाला वाटून देणार नाही. नगरला सरकारी दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम सुरू झाले, ताई शाळेत येत राहिल्या, हे झालंच. पण वर्गात वह्या वाटायचं काम इशूला द्यायचं, हे तुमच्या डोक्यातून आलं. वही कुणाची ते तिला कळायचंच. तुमची अट एवढीच की नाव घेतल्याशिवाय वही द्यायची नाही. पोरं हात पुढं करून उभी राहायची, कुणी घाई केली तर तुम्ही डोळे वटारायचात. अशी नावं सुटत गेली तिच्या तोंडून. आधी अर्धी, मग पुरी. ज्या दिवशी तिनं "ज्ञानेश्वरी" म्हटलं त्या दिवशी तुम्ही पायी गिरणीपर्यंत सांगायला आलात, आणि गिरणी चालू असताना माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडलात.

तरीही आपलं भांडण काही मिटलं नव्हतं. गिरणीत एकदा कुणीतरी इशूला 'ती कागदवाली पोरगी' म्हणालं, आणि तुम्ही नेमक्या तिथं होतात. बाहेर पडल्यावर म्हणालात, "बघ. बसला ना शिक्का?" मी म्हटलं, "बसू द्या. पोरगी बोलायला लागली." तुम्ही म्हणालात, "बोलायला लागली म्हणजे ऐकून समजायला पण लागली, सविता." तेव्हा मी फणकारून निघून आले. तुम्ही निवृत्त झालात, आपली भेट झाली की हा विषय निघायचा आणि तिथंच अडायचा. तुम्ही शिक्का म्हणायचात, मी मदत म्हणायचे, मग चहा यायचा.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. यंदा इशू चौथीत गेली. एक दिवस शाळेतून आली आणि दप्तर न काढताच तिनं विचारलं, "आई, मी कागदवाली हाय का?" मी तिला नुसती जवळ घेतली. तुमच्याकडं यावं, तुमचंच खरं म्हणावं, असं शंभरदा मनात आलं. पण तुम्ही आजारी पडला होतात, आणि आजारी माणसाला भांडण जिंकू द्यायचं म्हणजे त्याचं शेवटचं आलं असं कबूल केल्यासारखं वाटत होतं. म्हणून ते घाटापर्यंत राहिलं.

तुमच्याकडं आम्ही शेवटचं आलो तेव्हा तुम्ही कॉटवर उशीला टेकून होतात. अंगात काही उरलं नव्हतं, पण इशू दिसली आणि तुमच्यातली बाई उठून बसली. पांघरुणाकडं बोट करून विचारलंत, "सांग बरं इशू, हा कोणता रंग?" मी मनात म्हटलं, झालं, परत साहेब येणार वाटतं. इशूनं पांघरुणाकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं, आणि काळजीनं विचारलं, "बाई, तुमाला म्हाईत न्हाई?"

तुम्ही इतक्या हसलात की खोकला आला, पुतण्याच्या बायकोनं पाणी आणलं, आणि तुम्ही पाणी पिता पिता पुन्हा हसलात. कुणी पाठ करून न घेतलेलं वाक्य होतं ते. आपण दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि मला वाटलं, आता बोलावं. पण तुम्ही डोळे मिटलेत, दमला होतात. निघताना मी तुमच्या पायांना हात लावला. तुमचं मोल मी कधी तोंडानं सांगितलं नाही बाई. तुमच्यासारख्या माणसाला स्वतःची चूक सहीनिशी लिहून देणं किती जड गेलं असेल, हे मला तेव्हा कळलं होतं आणि मी प्रतीसाठी भांडत बसले. आज सांगते. माझ्या पोरीला तुम्ही दोनदा शिकवलंत, आणि दुसऱ्यांदा शिकवायला पहिल्यापेक्षा जास्त जिगर लागली.

आता घाटावरून आल्यानंतरचं सांगते, म्हणजे मला राग का उरला नाही ते कळेल.

काल सकाळी गिरणीत एक माणूस आला, पलीकडच्या वस्तीवरचा. बरोबर चार वर्षांची मुलगी, बापाच्या पायामागं लपलेली. दळण नव्हतं त्याच्याकडं. गिरणीच्या आवाजात तो काहीतरी सांगायला लागला, मला फक्त 'बाई' एवढं ऐकू आलं.

मी खटका दाबला.

"बाईंनी पाठवलं हुतं," तो म्हणाला. "आजारी हुत्या तवा. म्हणल्या, गिरणीवाल्या सविताकडं जा, मागणी कशी करायची ती सांगंल. मी म्हणलं, लोक नावं ठेवतील पोरीला. तर म्हणल्या, नावं ठेवणारे तपासल्याबिगर बी ठेवत्यात. माझ्या भावाला ठेवली हुती. तुमी तपासून घ्या."

बाई, हे मला नाही सांगितलंत. इतकी वर्षं समोरासमोर बसून शिक्का, शिक्का करत राहिलात, आणि हरल्याचं सांगितलंत ते एका अनोळखी बापाला. कावळा का थांबला नाही ते मला तिथं पोत्याला टेकून उभी असताना कळलं. मी पदर तोंडाला लावला. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं काहीतरी चुकीचं बोलला. घाईघाईनं म्हणाला, "तयारी केलीय हिची. समदे रंग पाठ करून घेतल्यात आठवडाभर."

मला रडताना हसू फुटलं. त्याला बसवलं. अर्ज कसा द्यायचा, आत बसायचंच, पोरगी घरी काय करते ते आठवून ठेवायचं, प्रत घ्यायचीच, आणि मुख्य म्हणजे पाठ करून घेतलेलं सगळं आजपासून बंद, हे सांगत बसले. रांग खोळंबली. कुणी विचारलं नाही लाईट गेली का.

बोलण्याच्या नादात माझं लक्ष नव्हतं. बघते तर इशू त्या मुलीसमोर जमिनीवर बसलेली. ती मुलगी मान खाली घालून, बापानं शिकवलेलं काहीतरी पुटपुटत होती, चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती. इशूनं तिचा हात धरून रांगेतल्या एका डब्यावर ठेवला.

"माझा बी हाय कागद," इशू तिला म्हणाली. "चुकलं तरी चालतंय."